बालआरोग्याला हवी उपसा योजना

बारावीचे व त्यापाठोपाठ वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले, की आमच्या सातारा-सांगली भागात दरवर्षी एकच दृश्य दिसते. शिकवणी वर्गांचे फलक गुणवंतांच्या छायाचित्रांनी भरून जातात, सत्कार होतात, आणि सत्काराला उत्तर देताना एखादी मुलगी किंवा मुलगा हमखास सांगतो, ‘मला बालरोगतज्ज्ञ व्हायचे आहे, खेड्यातल्या मुलांची सेवा करायची आहे.’ सभागृहात टाळ्या पडतात. त्या टाळ्या प्रामाणिक असतात आणि ते उद्गारही प्रामाणिक असतात. परंतु दहा-बारा वर्षांनी त्या उद्गारांचे काय झाले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हिशेबाची खोड असते; म्हणून हा प्रपंच.

या लेखनाला निमित्त मात्र सत्काराचे नाही. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात माण तालुक्यातील एक विद्यार्थिनी आहे. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम सोडून परिचारिका-प्रशिक्षणाला जावे काय, हे विचारण्यासाठी ती काही दिवसांपूर्वी आली होती. तिला लहान मुलांच्या शुश्रूषेचे काम करायचे आहे. तिची आई पंधरा वर्षे गावात आशा स्वयंसेविका आहे. घरोघरी जाऊन बाळांची वजने करणाऱ्या आईच्या मागे फिरतच ती मोठी झाली. सगळे बोलणे झाल्यावर उंबऱ्यापाशी थांबून ती म्हणाली, ‘सर, मी निदान नर्स तरी होईन. पण आई पुढे काय होणार?’ या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधू लागल्यावर असे दिसून आले, की आपल्या बालआरोग्यसेवेचे दुखणे नेमके याच प्रश्नात दडले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बालके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. देशाचा हाच आकडा २८ होता. महाराष्ट्राची ही प्रगती निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु या १६ पैकी ११ मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले होते, ही गोष्ट अभिमानाच्या भरात विसरली जाते. जन्मतः श्वास न घेणे, कमी दिवसांचा व कमी वजनाचा जन्म आणि जंतुसंसर्ग ही त्यामागची प्रमुख कारणे होत. आपल्या आज्यांना संख्याशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु पाचवी पुजून, सटवाईपुढे दिवा लावून रात्र जागविणाऱ्या त्या घरांना पहिल्या आठवड्याची धास्ती पक्की ठाऊक होती. आज बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात, हे खरे. पण तेथून दोन-तीन दिवसांत बाळ घरी येते, आणि पुढचा धोक्याचा काळ ते घरातच काढते. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, तर ते ओळखणारे माणूस किती जवळ आहे, यावर त्याचे जगणे अवलंबून राहते. या सेवेत अंतर आणि वेळ यांनाच सर्वाधिक किंमत आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. अकाली गेलेल्या बाळाच्या दुःखातून वैद्यकाकडे वळण्याची परंपरा मराठी समाजाला नवी नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत दगावले. त्या आघाताने त्यांना वैद्यकीय शिक्षणाकडे वळविले. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फियात पदवी संपादिली. शेजारच्या कोल्हापुरातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर या भागात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ साली त्यांनी तेथे वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला. मिरजेचे आरोग्यनगरी हे नाव त्या पायावर उभे आहे. पुढे १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८४ साली कराडला कृष्णा वैद्यकीय संस्था स्थापन झाली, २००५ साली सांगलीत भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि २०२१-२२ पासून साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन जिल्ह्यांत एवढी वैद्यकीय महाविद्यालये असणे हे राज्यातील कित्येक जिल्ह्यांना हेवा वाटावे असे भाग्य आहे.

परंतु नकाशा उघडून या संस्था कोठे आहेत ते पाहावे. सातारा, कराड, सांगली, मिरज ही सारी ठिकाणे कृष्णेच्या खोऱ्यातील जुन्या पेठा होत. जेथे बारमाही पाणी, तेथे ऊस. जेथे ऊस, तेथे कारखाना व बँक. आणि जेथे ही दोन्ही, तेथे डॉक्टर, असा हा क्रम आहे. याउलट जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण आणि खटाव या अवर्षणप्रवण तालुक्यांत, किंवा पाटण-जावळीच्या डोंगरवाड्यांत, आजारी बाळाला घेऊन निघालेल्या आईचा प्रवास लांबचा असतो. जतहून मिरज ८०-९० किलोमीटर आहे. रात्री दोन वाजता कोमेजलेल्या बाळासाठी हे अंतर किलोमीटरांत मोजावयाचे नसते.

याबद्दल डॉक्टरांना दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती न्याय्य नाही. सत्कारात ते उद्गार काढणाऱ्या मुलाचा खर्चच मांडून पाहू. एमबीबीएसची साडेपाच वर्षे व बालरोगशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाची तीन, म्हणजे साडेआठ वर्षे झाली. प्रवेशपरीक्षांसाठी वाया गेलेली एक-दोन वर्षे धरली, तर तो स्वतंत्रपणे काम सुरू करील तेव्हा तिशीत पोहोचलेला असतो. अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएसचे वार्षिक शुल्क आज बहुधा वीस लाखांच्या घरात असते. साडेचार वर्षांचे ९० लाख झाले. या रकमेवर द. सा. द. शे. १० दराने व्याज धरले, तर वर्षाला ९ लाख, म्हणजे महिन्याला ७५ हजार रुपये होतात. तपासणीचे शुल्क ३०० रुपये मानले, तर महिन्याला २५० मुले तपासावीत ती केवळ व्याजासाठी. मुद्दल, जागा, यंत्रे, नोकरांचे पगार आणि स्वतःचा संसार त्यानंतर येतात. हा तरुण आटपाडीस न जाता कराडच्या किंवा सांगलीच्या हमरस्त्यावर पाटी लावतो, तेव्हा तो सेवाभाव गमावून बसलेला नसतो. समाजाने त्याच्या हाती दिलेल्या हिशेबाचे उत्तर तो लिहीत असतो.

बालरोगशास्त्राला आणखी एक आर्थिक अडचण आहे. इतर कित्येक शाखांत तपासण्या व शस्त्रक्रिया यांतून उत्पन्न मिळते. बालरोगतज्ज्ञाचे काम मुख्यतः वेळ देण्याचे असते: रडणारे मूल शांत करणे, आईकडून हकिकत काढून घेणे, वजनागणिक औषधाची मात्रा ठरविणे, अंगावर पाजण्याविषयी पुन्हापुन्हा सांगणे. बाजारात वेळेला भाव नाही. शिवाय चांगल्या बालरोगतज्ज्ञाचे यश हे, की मूल आजारीच पडू नये. न झालेल्या आजाराचे बिल कोणी कोणाला पाठवावे? ज्या मालाचा लाभ सगळ्या समाजाला होतो, पण ज्याची किंमत कोणी एक ग्राहक देत नाही, तो माल बाजार पुरेसा पुरवीत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवितो.

शासनाने यावर योजलेला उपाय बंधपत्राचा आहे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यावी, अन्यथा १० लाख रुपये भरावेत. पदव्युत्तर पदवीधरासाठी हीच रक्कम ५० लाख आहे. जनतेच्या पैशाने शिकलेल्याने जनतेची काही सेवा करावी, हे तत्त्व बिनचूक आहे. परंतु एका वर्षात काय साधते? जत तालुक्याच्या सीमेवरील कित्येक गावांत आईची भाषा कन्नड असते. ती भाषा कानावर बसेतो, आडवाटेच्या वस्त्या ओळखीच्या होईतो वर्ष सरते आणि दुसरा नवखा येतो. पुन्हा, बालरोगतज्ज्ञ एकटा फारसे काही करू शकत नाही. नवजात बालकांच्या विशेष काळजी कक्षात प्रत्येक पाळीला दर तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. बारा खाटांचा कक्ष धरला तर तीन पाळ्यांना किमान ९ आणि रजा-सुट्या जमेस धरून १२-१३ प्रशिक्षित परिचारिका लागतात. त्या नसतील तर तज्ज्ञ डॉक्टर म्हणजे बैलावाचून नांगर होय.

येथे आपल्याच भागातील एक उदाहरण उपयोगी पडेल. कृष्णेचे पाणी जतच्या माळावर आपणहून कधीच गेले नसते. पाण्याचा धर्म उताराकडे धावण्याचा. म्हणून म्हैसाळ आणि टेंभू येथे ते उपसण्याच्या योजना झाल्या. पाणी एका दमात वर चढविता येत नाही. ते टप्प्याटप्प्याने चढवावे लागते, आणि प्रत्येक टप्प्याला पंप, वीज व राखणदार लागतो. या योजना रखडल्या, वीजबिल कोणी भरावयाचे यावर वर्षानुवर्षे वाद झाले. तथापि ‘पाणी स्वतः वर का जात नाही’ म्हणून कृष्णेला बोल लावण्याचा शहाणपणा कोणी केला नाही. वैद्यकीय मनुष्यबळाच्या बाबतीत आपण नेमके तेच करीत आहोत. नदीकाठी आणखी एक महाविद्यालय काढले, की ओघळ आपोआप माळापर्यंत जाईल, अशी आपली समजूत आहे. मनुष्यबळाचाही उपसा करावा लागतो, आणि तोही टप्प्यांनीच.

पहिला टप्पा कोणता? जो माणूस आजच माळावर राहत आहे, तो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे प्रयोगाने सिद्ध केले. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी, ऊब देणे, श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे येथपर्यंत शिकविले गेले. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हे काम झाले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित बाईच्या हाती सुई देण्यावर आक्षेप घेणारे त्या वेळी थोडे नव्हते. पुढे २०११ साली केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालसेवेची योजना देशभर लागू केली व ते काम आशा स्वयंसेविकांकडे दिले.

येथेच आपल्या धोरणातील विसंगती उघडी पडते. गडचिरोलीतून आपण काम उचलले. काम करणाऱ्या स्त्रीला तेथे मिळालेले शिक्षण आणि मान तेवढ्या प्रमाणात उचलला नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरल्या. आणि या सर्वांचा मिळून मोबदला २५० रुपये ठरला. म्हणजे एका भेटीस ४२ रुपयेही नाहीत. माणच्या उन्हात दोन वस्त्या चालून जाऊन बाळाचा श्वास मोजण्याचे हे मोल. तिला ‘स्वयंसेविका’ म्हणावयाचे आणि काम मात्र कर्मचाऱ्याचे घ्यावयाचे, हा शब्दांचा खेळ नव्हे. तो अंदाजपत्रकाचा खेळ आहे. दीर्घ संपानंतर २०२४ साली राज्य शासनाने त्यांच्या मासिक मोबदल्यात ५ हजारांची वाढ मान्य केली, ती स्वागतार्हच होय. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. परंतु हे सारे प्रश्न मोबदल्याचे झाले. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न वेगळा होता. पंधरा वर्षांत शेकडो बाळे हाताखालून गेलेल्या स्त्रीला पुढची पायरी कोणती? फार झाले तर ती गटप्रवर्तक होते. वर जिना आहे. पण तिच्या पायरीपासून त्या जिन्यापर्यंत फळी टाकलेली नाही.

ही फळी टाकण्याची कल्पना बाहेरून आणण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व साताऱ्याच्या मातीत रुजविले. ज्याला काम सोडून शिकता येत नाही, त्याला काम करता करता शिकविले पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार होता. तोच विचार आज आरोग्यसेवेला लावता येईल.

पाच वर्षे समाधानकारक काम केलेल्या, बारावी झालेल्या आशांसाठी दोन्ही जिल्ह्यांतील सहायक परिचारिका अभ्यासक्रमात काही जागा राखून ठेवाव्यात व प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत त्यांचा मोबदला चालू ठेवावा. ज्यांची बारावी राहिली असेल, त्यांच्यासाठी आधी त्या परीक्षेची सोय करावी. हा झाला पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात, सहायक परिचारिकेला अनुभवाच्या बळावर तीन वर्षांच्या परिचारिका अभ्यासक्रमात, आणि पुढे नवजात शिशु-शुश्रूषेच्या विशेष पदविकेपर्यंत जाता यावे. तिने आपल्या तालुक्यात परत यावे म्हणून तेथील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत कंत्राटी नव्हे, कायम पदे असावीत. तिसरा टप्पा डॉक्टरांचा. बंधपत्राचे वर्ष एकट्याने कंठण्याऐवजी दोघादोघांच्या जोडीने, मिरज किंवा सातारा येथील महाविद्यालयाच्या बालरोग विभागाशी जोडलेले असे काम त्यांना द्यावे. अडल्या वेळी विचारावयास प्राध्यापक असावा आणि हाताशी त्याच तालुक्यातील मुरलेल्या परिचारिका असाव्यात. असे काम मिळाले, तर एका वर्षासाठी गेलेला डॉक्टर तीन वर्षे राहील, अशी आशा बाळगता येते.

याला पैसा कोठून येणार, हा आमच्या शास्त्राचा पहिला प्रश्न. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. मुख्य जबाबदारी शासनाचीच आहे. परंतु जिल्ह्यालाही हातभार लावता येईल. दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या एका साखर कारखान्याने टनामागे एक रुपया बाजूला काढला, तर वर्षाला १० लाख रुपये होतात. दरमहा ५ हजारांप्रमाणे विद्यावेतन धरले, तर त्यातून १६ स्त्रियांचे एका वर्षाचे शिक्षण निभावेल. हे दान समजू नये. दर हंगामात या कारखान्यांच्या उसासाठी मराठवाड्यातून आणि माण-जतसारख्या तालुक्यांतूनही कोयता घेऊन जोडपी येतात. त्यांची तान्ही मुले फडाच्या कडेला, कोपीत वाढतात. गाव सुटले की आशाची नोंदवही सुटते, लस चुकते, वजन चुकते. ज्या साखरेत या मुलांचा हिवाळा मिसळला आहे, तिने टनामागे एक रुपया देणे हे ऋणफेडीतच मोडते.

दुसरा आक्षेप असा, की शिकलेली परिचारिका गावात राहणार नाही. ती पुण्या-मुंबईस, नाहीतर परदेशी जाईल. भीती निराधार नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. काही मुली जातील. त्यांनी का जाऊ नये? परंतु चाळिशीतली, घरदार, शेतीचा तुकडा व मुलेबाळे गावात असलेली आशा परिचारिका झाली, तर ती गावाजवळच राहण्याचा संभव सर्वांत अधिक. स्थलांतराच्या अर्थशास्त्राला हे मान्य होईल आणि व्यवहारालाही.

तिसरा आक्षेप दर्जाचा. आशाला परिचारिका करणे म्हणजे दर्जा खाली आणणे, असे काहींस वाटेल. येथे परीक्षा सोपी करा, असे कोणी म्हणत नाही. परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करा, एवढेच म्हणणे आहे. आणि डॉक्टरांचे महत्त्व यात कोठेही उणावत नाही. उलट, ज्याच्यापर्यंत बाळ वेळेवर पोहोचते त्याच डॉक्टराची विद्या फळाला येते.

म्हणून पुढच्या वर्षी सत्काराच्या व्यासपीठावरून ‘मला मुलांची सेवा करायची आहे’ हे वाक्य कानी येईल, तेव्हा टाळ्यांबरोबर दोन प्रश्नही विचारले जावेत. या मुलाने माळावर जावे म्हणून आपण वाटेत किती पंप बसविले? आणि जी आधीपासूनच माळावर उभी आहे, तिला आपण पुढची पायरी कधी देणार?

त्या विद्यार्थिनीला मी परिचारिका-प्रशिक्षणाचा अर्ज भरण्याचा सल्ला दिला. वर्गात एक चांगली विद्यार्थिनी उणी होईल, याचे थोडे वाईटही वाटले. पण तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे कोणा अध्यापकाच्या हाती नाही. ते जिल्हा परिषदेच्या, विधिमंडळाच्या आणि अंदाजपत्रकाच्या हाती आहे. ते येईपर्यंत तिची आई उद्या सकाळी वजनकाटा पिशवीत घालून पुन्हा बाहेर पडेल, आणि कोठल्या तरी वस्तीवरच्या सात दिवसांच्या बाळाचा श्वास मोजेल.